मळीवरील आसवनीत वाफ वाचवण्यासाठी कॉलमची रचना कशी सुधारावी

साखर कारखान्याच्या आसवनीत (डिस्टिलरीत) एक लिटर रेक्टिफाइड स्पिरिटमागे, म्हणजे आसवून काढलेल्या सुमारे ९५ टक्के अल्कोहोलमागे, किती किलो वाफ खर्च होते, असे विचारले तर बहुधा यंत्रपुरवठादाराने हमीपत्रात लिहून दिलेला आकडा सांगितला जातो. तो आकडा ठरावीक तीव्रतेचे वॉश (मळी आंबवून झालेला अल्कोहोलयुक्त द्रव), स्वच्छ ट्रे (कॉलममधील आडव्या तबकड्या) आणि पूर्ण क्षमता गृहीत धरून दिलेला असतो. काही हंगाम चाललेल्या कॉलमची, म्हणजे आसवनाच्या उभ्या मनोऱ्याची, खरी स्थिती त्यात दिसत नाही. वातावरणीय दाबावर चालणाऱ्या जुन्या संचांत हा खर्च साधारण साडेतीन-चार किलोपर्यंत जातो, तर वेगवेगळ्या दाबांचे कॉलम उष्णतेने एकमेकांशी जोडलेल्या संचांत तो सव्वादोन ते अडीच किलोच्या घरात आणता येतो. हा फरक कोठून येतो आणि तो कोणत्या क्रमाने मिळवावा, हे पुढे मांडले आहे. उदाहरणासाठी दिवसाला ६० हजार लिटर क्षमतेची, मळीपासून स्पिरिट तयार करणारी आसवनी धरली आहे. लेखात 'वाफ' हा शब्द बॉयलरच्या वाफेसाठी आणि 'बाष्प' हा शब्द कॉलममधील अल्कोहोल-पाण्याच्या वायुरूपासाठी वापरला आहे.

आधी उष्णतेचा हिशेब

कॉलममध्ये घातलेली उष्णता मुख्यतः तीन वाटांनी बाहेर पडते: कंडेन्सरच्या (बाष्प थंड करून द्रव करणाऱ्या साधनाच्या) पाण्यातून, तळाच्या स्पेंट वॉश (अल्कोहोल काढून उरलेले वॉश) आणि स्पेंट लीजमधून (रेक्टिफायरच्या तळाच्या पाण्यातून), आणि थोडीशी कॉलमच्या पत्र्यातून. म्हणून प्रत्येक कॉलमला जाणारी वाफ स्वतंत्रपणे मोजावी आणि दुसऱ्या बाजूने कंडेन्सरच्या पाण्याचा प्रवाह व त्याच्या आत-बाहेरच्या तापमानांतील फरक नोंदवून हिशेब ताडून पाहावा. दोन्ही बाजू साधारण दहा टक्क्यांच्या आत जुळत नसतील तर कोणता तरी मीटर खोटे सांगत आहे, असे समजावे. वाफेच्या मीटरवर भरवसा नसेल तर रिबॉयलरचे (कॉलमच्या तळाचा द्रव उकळवणाऱ्या साधनाचे) कंडेन्सेट, म्हणजे वाफेचे झालेले पाणी, मापाच्या टाकीत घेऊन घड्याळ लावावे. ही पद्धत जुनी असली तरी वादाला जागा ठेवत नाही.

आता आकडे पाहू. वॉशमध्ये आकारमानाने ९ टक्के अल्कोहोल असेल, तर ९५ टक्क्यांचे एक लिटर स्पिरिट मिळवण्यासाठी साधारण साडेदहा लिटर वॉश कॉलममध्ये घालावे लागते. ते ३२ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे २,७०० किलोज्यूल लागतात. कमी दाबाच्या एक किलो वाफेतून सुमारे २,१५० किलोज्यूल मिळतात असे धरले, तर ही झाली सव्वा किलो वाफ. ॲनालायझरच्या (वॉशमधून अल्कोहोल काढणाऱ्या पहिल्या कॉलमच्या) माथ्यावरून निघणाऱ्या बाष्पात वजनाने ४५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आणि बाकी पाणी असते. तेवढे बाष्प तयार करायला आणखी सुमारे २,८०० किलोज्यूल, म्हणजे १.३ किलो वाफ लागते. रेक्टिफायरमध्ये (अल्कोहोलची तीव्रता वाढवणाऱ्या दुसऱ्या कॉलममध्ये) रिफ्लक्सचे प्रमाण ३ ठेवले, म्हणजे एक भाग स्पिरिट काढताना तीन भाग द्रव माथ्यावरून कॉलममध्ये परत सोडला, तर माथ्यावर चौपट बाष्प चढवावे लागते आणि त्याचे सुमारे ३,१०० किलोज्यूल होतात. याउलट, तयार होणाऱ्या एक लिटर स्पिरिटला फक्त एकदा बाष्परूप द्यायचे म्हटले तर जेमतेम ७७५ किलोज्यूल, म्हणजे किलोच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त वाफ पुरते. उरलेली वाफ पाणी तापवण्यात आणि तेच ते बाष्प वरखाली फिरवण्यात जाते, आणि बचतीची सारी जागा तिथेच आहे.

या आकड्यांतून एक गोष्ट लगेच दिसते, आणि ती कॉलमच्या बाहेरची आहे. वॉशची तीव्रता ९ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर नेली तर साडेदहा लिटरऐवजी आठ लिटर वॉश पुरते, ते तापवण्याची उष्णता सुमारे २,०५० किलोज्यूलवर येते आणि ॲनालायझरचे बाष्पही जास्त तीव्रतेचे निघत असल्यामुळे त्याची गरज २,८०० वरून सुमारे २,३०० किलोज्यूलपर्यंत उतरते. म्हणून कॉलमवर पैसा खर्च करण्याआधी किण्वन विभागाकडे पाहावे. कॉलमचा पुरवठादार हे आपणहून सांगेलच असे नाही.

वॉश तापवण्यासाठी ताजी वाफ वापरू नये

वॉश तापवण्याची सव्वा किलो वाफ जवळजवळ पूर्ण वाचवता येते, कारण तेवढीच उष्णता तळातून स्पेंट वॉशबरोबर बाहेर जात असते. रेक्टिफायरच्या किंवा ॲनालायझरच्या माथ्यावरील बाष्पावर चालणारा बीअर हीटर (वॉश तापवणारे साधन) आणि त्यामागे स्पेंट वॉशवर चालणारा प्लेट हीट एक्स्चेंजर, अशी दोन टप्प्यांची मांडणी करावी. एक्स्चेंजर रुंद फटींचा घ्यावा आणि शक्यतो दोन संच ठेवावेत, म्हणजे एक धुताना दुसरा चालू राहतो. अनेक ठिकाणी एक्स्चेंजर बसवलेला असतो, पण गाळाने चोंदल्यामुळे बायपासवर पडलेला असतो. तिथे नवीन एक्स्चेंजर घेण्याऐवजी वॉशमधील गाळ आधी बसवून काढण्याची सोय करणे जास्त फायद्याचे असते.

मात्र स्पेंट वॉश पुढे कोठे जाते, हे पाहिल्याशिवाय त्याची उष्णता काढून घेऊ नये. ते बायोगॅस डायजेस्टरला जात असेल तर तिथे त्याला ३५ ते ४० अंशांपर्यंत थंड करावेच लागते, त्यामुळे काढलेली उष्णता फुकटची असते. ते थेट बाष्पीभवन संचाला जात असेल, तर येथे काढलेली उष्णता तिथे पुन्हा भरावी लागते आणि कागदावरची बचत निम्मीसुद्धा हाती येत नाही. शून्य सांडपाण्याच्या अटीमुळे आता बहुतेक आसवन्यांत बाष्पीभवन संच असतोच, म्हणून दोन्ही संचांचा हिशेब एकत्र करावा.

ॲनालायझरच्या तळात वाफ थेट सोडण्याची जुनी पद्धत असेल तर ती बंद करून रिबॉयलर बसवावा. थेट वाफेचे पाणी होऊन ते स्पेंट वॉशमध्ये मिसळते आणि पुढे बाष्पीभवन संचाला तेच पाणी पुन्हा उकळून काढावे लागते. शिवाय बॉयलरला परत मिळणारे स्वच्छ कंडेन्सेटही हातचे जाते.

ॲनालायझरचे ट्रे

हंगाम संपल्यावर मॅनहोल उघडून ॲनालायझरचे खालचे चार-पाच ट्रे स्वतः पाहावेत. मळीच्या वॉशमध्ये कॅल्शियमचे क्षार भरपूर असतात आणि तापलेल्या ट्रेवर त्यांची कठीण, तपकिरी-पांढरी खपली धरते. सिव्ह ट्रेचे (भोके पाडलेल्या साध्या ट्रेचे) १२ मिमीचे भोक खपलीमुळे ९ मिमीचे झाले, तर वाटेचे क्षेत्रफळ ५६ टक्क्यांवर येते आणि तेवढेच बाष्प त्यातून जाताना कोरड्या ट्रेचा दाबफरक तिपटीहून जास्त होतो. ऑपरेटरला याचा परिणाम फक्त एवढाच दिसतो की तळाचा दाब वाढला आहे आणि पूर्वीच्या वाफेवर उत्पादन निघत नाही. मग तो वाफ वाढवतो, बाष्पाचा वेग वाढतो, थेंब वरच्या ट्रेवर उडू लागतात आणि वेगळे होण्याची क्रिया आणखी बिघडते.

तपासणीच्या वेळी भोकांचा व्यास गेजने मोजावा आणि ट्रेची पातळीही पाहावी. ट्रेवर पाणी सोडून ते बांधावरून (ट्रेच्या कडेच्या उभ्या पट्टीवरून) सर्व रुंदीभर सारखे सांडते का, हे पाहणे पुरेसे आहे. पाणी एकाच कोपऱ्यातून जात असेल तर ट्रे कललेला आहे. त्याच्या उथळ बाजूने बाष्प द्रवाला न भेटता निसटते आणि तो ट्रे असून नसल्यासारखा होतो. ही दुरुस्ती रिंचने होते, तिला निविदा काढावी लागत नाही.

ट्रे बदलायचेच असतील तर वॉशच्या भागात बबल कॅप ट्रे टाळावेत, कारण टोपीखाली गाळ साचतो आणि दाबफरकही जास्त असतो. मोठ्या भोकांचे सिव्ह ट्रे किंवा गाळ अडू न देणारे जाळीचे ट्रे येथे योग्य ठरतात. स्ट्रक्चर्ड पॅकिंगचा (ट्रेऐवजी भरल्या जाणाऱ्या नागमोडी पत्र्यांच्या थरांचा) दाबफरक ट्रेच्या तुलनेत फारच कमी असतो, पण ते वॉशमध्ये वापरणे म्हणजे गाळणी बसवण्यासारखे आहे. त्याची जागा जिथे फक्त स्वच्छ द्रव असतो अशा कॉलममध्ये आहे.

या कॉलमची वाफ कमी करताना तळातून जाणाऱ्या अल्कोहोलवर नजर ठेवावी. एक लिटर स्पिरिटमागे दहा लिटर स्पेंट वॉश निघत असेल आणि त्यात ०.०५ टक्के अल्कोहोल जास्त जाऊ लागले, तर उत्पादनाचा अर्धा टक्का गमावला जातो. ६० हजार लिटरच्या आसवनीत हे रोजचे ३०० लिटर झाले. वाफेच्या बचतीचे कौतुक चालू असताना हे नुकसान प्रयोगशाळेच्या वहीत पडून राहते, म्हणून दोन्ही आकडे एकाच तक्त्यात लिहिण्याची सवय लावावी.

रेक्टिफायर: ट्रे वाढवावेत, रिफ्लक्स उतरवावा

रेक्टिफायरमध्ये जितके ट्रे जास्त, तितका कमी रिफ्लक्स पुरतो. मात्र एका किमान मर्यादेखाली कितीही ट्रे दिले तरी उपयोग होत नाही. मॅककेब आणि थील यांनी १९२५ मध्ये मांडलेली आलेखाची पद्धत यासाठी आजही पुरेशी आहे. संगणकीय सिम्युलेशन अवश्य करावे, पण आलेख एकदा हाताने काढला की अडचण कोठे आहे हे डोळ्यांना दिसते. इथेनॉल-पाण्याच्या मिश्रणात ती माथ्याजवळ असते, कारण वजनाने ९५.६ टक्क्यांवर बाष्प आणि द्रव यांची घडण एकच होते आणि त्या बिंदूकडे जाताना आलेखातील समतोलाची रेषा कर्णाला जवळजवळ टेकते. या भागात प्रत्येक ट्रे फारच थोडे काम करतो. वातावरणीय दाबाच्या समतोल-आकड्यांवरून हिशेब केला, तर आकारमानाने ९५ टक्क्यांऐवजी ९६ टक्क्यांचे स्पिरिट काढण्यासाठी किमान रिफ्लक्स साधारण दीडपट होतो. म्हणून स्पिरिट पुढे मॉलिक्युलर सिव्हलाच (उरलेले पाणी शोषून घेणाऱ्या संचालाच) जाणार असेल, तर ९६ टक्क्यांचा आग्रह खरोखर गरजेचा आहे का, हे सिव्हच्या क्षमतेशी ताडून ठरवावे. नुसत्या प्रतिष्ठेपायी वाढवलेला हा एक टक्का फार महाग पडतो.

किमान रिफ्लक्सच्या १.२ ते १.५ पटीत चालणे हे रचनेचे नेहमीचे लक्ष्य असते. जुने कॉलम याहून बरेच वर चालतात, याचे एक कारण अपुरे ट्रे आणि दुसरे म्हणजे फीड (आसवण्यासाठी कॉलममध्ये येणारे मिश्रण) देण्याची चुकलेली जागा. फीडमधील अल्कोहोल आणि ट्रेवरील द्रवातील अल्कोहोल जिथे जवळपास सारखे असते, तिथेच फीड द्यावे. वॉशची तीव्रता बदलली की ही जागाही सरकते, म्हणून दोन-तीन ट्रेवर नोझल ठेवून घ्यावेत. बी-हेवी मळी (जास्त साखर उरलेली), सी-हेवी मळी (शेवटची, कमी साखरेची) आणि रस आलटून पालटून वापरणाऱ्या आसवनीत तर हे अत्यावश्यक आहे.

आणखी एक दुर्लक्षित बाब म्हणजे फ्यूजेल ऑइल. जड अल्कोहोले ना पुरती वर जातात, ना खाली. ती मधल्या ट्रेवर साचतात आणि ऑपरेटर तापमान सांभाळण्यासाठी रिफ्लक्स वाढवत राहतो. दोन-तीन ट्रेवरून ती नियमित काढून डिकँटरमध्ये पाण्याने धुवावीत आणि धुवणातील अल्कोहोल कॉलमला परत द्यावे. केवळ ही काढणी बंद पडल्यामुळे रिफ्लक्स वर गेल्याचे पुष्कळदा आढळते.

रिफ्लक्स ३.५ वरून ३ वर आणला तर एक लिटरमागे ०.१८ किलो, म्हणजे आपल्या उदाहरणातील आसवनीत दिवसाला जवळजवळ ११ टन वाफ कमी लागते. पण ही बचत हाती येईल की नाही, हे पुढच्या मुद्द्यावर ठरते.

एका कॉलमचा कंडेन्सर हा दुसऱ्याचा रिबॉयलर

खरी मोठी बचत दाबांच्या मांडणीतून मिळते. ॲनालायझर निर्वातात आणि रेक्टिफायर वातावरणापेक्षा जास्त दाबावर चालवला, तर रेक्टिफायरच्या माथ्यावरील बाष्प ॲनालायझरच्या तळापेक्षा जास्त तापमानावर थिजते (पुन्हा द्रवरूप होते) आणि त्या उष्णतेवर ॲनालायझर उकळवता येतो. २ बार निरपेक्ष दाबावर इथेनॉल सुमारे ९७ अंशांवर थिजते, तर ०.५ बारवर पाणी सुमारे ८१ अंशांवर उकळते. या १५-१६ अंशांच्या फरकावर सगळा खेळ चालतो. बॉयलरची वाफ मग फक्त रेक्टिफायरला द्यावी लागते आणि तीच उष्णता ॲनालायझरमध्ये दुसऱ्यांदा कामाला येते. निर्वातामुळे वॉशही ९५ ऐवजी ६५-७० अंशांपर्यंतच तापवावे लागते आणि ट्रेवर खपली धरण्याचे प्रमाणही घटते.

येथे ट्रेच्या दाबफरकाला वेगळेच महत्त्व येते. ॲनालायझरच्या माथ्यावर ०.३५ बार दाब आणि खाली २५ ट्रे आहेत असे धरू. प्रत्येक ट्रेवर पाऱ्याचे ६ मिमी पडत असतील, तर तळाचा दाब ०.५५ बार होतो आणि पाणी जवळजवळ ८४ अंशांवर उकळते. ट्रे बदलून हा आकडा ४ मिमीवर आणला तर तळ ०.४८ बारवर, म्हणजे ८० ते ८१ अंशांवर येतो. साडेतीन अंशांची ही घट क्षुल्लक वाटते. परंतु रिबॉयलरला मिळणारा तापमानफरक १३ वरून साधारण साडेसोळा अंशांवर जातो, म्हणून तेवढ्याच कामाला रिबॉयलरचे क्षेत्रफळ सुमारे एक पंचमांशाने कमी लागते, किंवा आहे त्याच रिबॉयलरवर रेक्टिफायरचा दाब उतरवता येतो. दाब उतरला की इथेनॉल-पाणी वेगळे करणेही थोडे सोपे जाते. विरघळलेल्या घटकांमुळे वॉश पाण्यापेक्षा थोड्या जास्त तापमानावर उकळते, हे मात्र रिबॉयलर ठरवताना वजा धरावे.

आता जोडणीचा हिशेब पाहावा. रिफ्लक्स ३ असताना रेक्टिफायरच्या माथ्यावर ३,१०० किलोज्यूल मिळतात आणि ९ टक्के वॉशच्या ॲनालायझरला सुमारे २,८०० लागतात, जोडी जमते. रिफ्लक्स २.५ वर आणला तर माथ्यावर सुमारे २,७०० किलोज्यूलच उरतात आणि ॲनालायझर उपाशी राहतो. त्याला ताजी वाफ जोडावी लागते, आणि रेक्टिफायरमध्ये वाचवलेल्या वाफेतला काही भाग शेजारच्या कॉलममध्ये परत जातो. म्हणजे जोडलेल्या संचात दोन्ही कॉलमची गरज एकत्रच उतरवावी लागते: आधी वॉशची तीव्रता वाढवून ॲनालायझरची, मग ट्रे वाढवून रेक्टिफायरची. एकट्या रेक्टिफायरच्या सुधारणेचा प्रस्ताव समोर आला, तर ॲनालायझरची उष्णता कोठून येणार, हा पहिला प्रश्न विचारावा.

निर्वातातील बाष्प विरळ असल्यामुळे त्याच उत्पादनाला जास्त व्यासाचा कॉलम लागतो. म्हणून जुना वातावरणीय ॲनालायझर तसाच निर्वातात चालवू नये. त्याची क्षमता घटेल आणि पत्रा बाहेरच्या दाबासाठी बनवलेला नसेल तर तो आत दबू शकेल. रेक्टिफायरच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते: दाबाखालील अल्कोहोलचे बाष्प ज्वालाग्राही असते, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह, फ्लँजची गॅस्केटे आणि फ्लेमप्रूफ विद्युत साहित्य यांत काटकसर करू नये. बहुतेक ठिकाणी जुना कॉलम रेक्टिफायर म्हणून तपासून घ्यावा आणि ॲनालायझर नवा घ्यावा, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. रचनेची त्रयस्थ तपासणी पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेकडून किंवा पुरवठादाराशी संबंध नसलेल्या सल्लागाराकडून करून घ्यावी.

इंधन इथेनॉल काढत असल्यास

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलची शुद्धता आकारमानाने किमान ९९.५ टक्के लागते आणि त्यासाठी मॉलिक्युलर सिव्ह असतेच. स्पिरिट थिजवून टाकीत साठवायचे आणि पुन्हा बाष्प करून सिव्हला द्यायचे, ही पद्धत असेल तर एक लिटरमागे सुमारे ०.४ किलो वाफ दुसऱ्यांदा खर्च होते. दाबावरील रेक्टिफायरचे बाष्प थोडे अतितप्त करून थेट सिव्हला द्यावे आणि सिव्हमधून निघालेले निर्जल बाष्प ॲनालायझरच्या किंवा बाष्पीभवन संचाच्या रिबॉयलरमध्ये थिजवावे. सिव्हच्या पुनरुज्जीवनातून परत येणारे पातळ अल्कोहोल रेक्टिफायरच्या योग्य ट्रेवर घ्यावे. ते सरसकट फीडच्या टाकीत मिसळले तर आधीच वेगळे केलेले पाणी पुन्हा वेगळे करण्याचा खर्च पडतो.

एकाच कवचात उभी भिंत घालून तीन घटक वेगळे करणारा कॉलम जर्मनीत बीएएसएफने लुडविग्सहाफेन येथे १९८५ मध्ये प्रथम व्यापारी वापरात आणला आणि योग्य मिश्रणांत त्याने सुमारे ३० टक्के ऊर्जा वाचते. पेट्रोरसायन उद्योगात तो उत्तम आहे. मळीच्या आसवनीत मात्र आधीच दाबांची जोडणी उपलब्ध असल्याने आणि वॉश गाळाचे असल्याने त्याच्यामागे लागण्याचे कारण दिसत नाही. बाष्प कॉम्प्रेसरने दाबून पुन्हा वापरण्याची पद्धत स्वस्त वीज असेल तिथे विचारात घ्यावी.

वाचलेली वाफ आणि करारातील अटी

वाचलेल्या वाफेचे मोल कारखान्याच्या रचनेवर ठरते. गाळप हंगामात आसवनीला बॅक-प्रेशर टर्बाइनची (वीज तयार करून बाहेर पडणारी) वाफ मिळत असेल, तर वाफेची मागणी घटताच वीजनिर्मितीही घटते; त्यामुळे बचतीतून उरलेला बगॅस (उसाचा चोथा) आणि कमी झालेली वीज यांची वजाबाकी करूनच परतफेडीचा काळ काढावा. कंडेन्सिंग टर्बाइन असेल तर उरलेली वाफ विजेत रूपांतरित होते आणि गणित अधिक अनुकूल होते. हंगामाबाहेर स्पेंट वॉश जाळणाऱ्या बॉयलरवर आसवनी चालत असेल, तर त्याला जोड म्हणून घातल्या जाणाऱ्या कोळशाची किंवा बगॅसची बचत थेट मोजता येते.

पुरवठादाराशी करार करताना वाफेची हमी वॉशच्या दोन तीव्रतांवर, उदाहरणार्थ ९ आणि ११ टक्क्यांवर, स्वतंत्र लिहून घ्यावी. स्पेंट वॉश आणि स्पेंट लीजमधील अल्कोहोलची कमाल मर्यादा त्याच कलमात असावी. चाचणी किमान तीन सलग दिवसांची घ्यावी, ट्रे नव्याने धुतलेले असताना एकदा आणि कॉलम किमान ६० दिवस अखंड चालल्यानंतर दुसऱ्यांदा, आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या चाचणीनंतरच द्यावा.